प्लगची मागची बाजू

पिनकाकांना खरं नाव होतं, आणि ते दाराच्या पाटीवर चांगलं ठळक लिहिलेलंही होतं. पण वाचतो कोण? पुतणीने लहानपणी ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. काका हवापाण्याबद्दल बोलायला लागले तरी दोन वाक्यांत पिनांवर येत, म्हणून पिनकाका. पुढे जुने कॉम्प्युटर जमवणाऱ्या हौशी मंडळींनी ते नाव उचललं, आणि काकांनीही कधी मनाला लावून घेतलं नाही.

ही मंडळी म्हणजे काय चीज आहे ते आधी सांगायला हवं. चांगली शिकलेली, नोकरीधंद्याची माणसं. पण कुणाच्या तरी माळ्यावर धूळ खात पडलेला जुना कॉम्प्युटर हाती लागला की यांना आकाश ठेंगणं होतं. घरी आणतात, पुसतात, चारचौघांना बोलावून दाखवतात, आणि मग लक्षात येतं की केबलच नाही. लोकांची रीतच तशी. मशीन चादरीत गुंडाळून जपून ठेवतील आणि केबल देतील भंगारात. अशा वेळी पिनकाकांचं दार वाजायचं.

केबल काय, बाजारात मिळेल, असं तुम्हाला वाटेल. नाही मिळत. त्या काळच्या कंपन्या म्हणजे एकेक अतिशहाणी. प्लग बऱ्याच जणी तोच वापरायच्या, गोल, आत अर्धवर्तुळात पाच पिना. पण कुठल्या पिनेतून काय जाईल ते प्रत्येकीने आपल्या मनाने ठरवलेलं. एकीच्या चार नंबरला चित्र, दुसरीच्या चार नंबरला आवाज, तिसरीच्या चार नंबरला चक्क बारा व्होल्ट. प्लग झकास बसतो, आणि बसला म्हणून खूश होऊन बटण दाबलं की आतून धूर.

त्यात त्या पिनांचे नंबर. एक, दोन, तीन, चार, पाच असे ओळीने असावेत ना? छे. एक, चार, दोन, पाच, तीन. आधी तीनच पिना होत्या. मग कुणाला तरी आणखी दोन हव्याशा वाटल्या, त्या मधल्या फटींत घुसवल्या आणि उरलेले नंबर त्यांना देऊन टाकले. बरं, हेही एक वेळ पाठ होतं. घोडं पेंड खातं ते पुढे. कागदावरचं चित्र असतं प्लग समोरून पाहिल्याचं, आणि तारा चिकटवायचं सोल्डर लावायचं असतं मागून. मागून पाहिलं की डावं ते उजवं. एकच्या जागी तीन येते, चारच्या जागी पाच. मधली दोन नंबरची मात्र कुठूनही पाहा, जागच्या जागी. त्यामुळे चुकलेला प्लगसुद्धा थोडा बरोबर असतो आणि माणूस गाफील राहतो. गंमत म्हणजे दोन्ही टोकांना सारखीच चूक झाली तर केबल बिनबोभाट चालते. एकच टोक चुकलं तर मात्र बोंब.

ही चूक होऊ नये म्हणून प्लग बनवणारे मागच्या बाजूला प्रत्येक पिनेशेजारी तिचा नंबर कोरून ठेवतात. एवढुसा, मुंगीने वाचावा इतका. काका हयातभर ते नंबर वाचून काम करत आले होते, आणि आता तेच त्यांना दिसत नव्हते.

डोळे एकदम गेले नव्हते. नजरेच्या मधोमध एक मळकट डाग आला होता. ज्याच्याकडे पाहावं तेच नाहीसं व्हायचं. दार दिसायचं, दारातलं माणूस दिसायचं, पण त्याच्या तोंडाकडे पाहिलं की तोंड गायब. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतला पडदा झिजलाय. आहे ते टिकवू, गेलेलं परत येणार नाही. काका दवाखान्यात एकटेच गेले होते. घरी आल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं, "चष्म्याचा नंबर वाढलाय जरासा." काकू भाजी निवडत होती. ती म्हणाली, "बरं." आणि पुढे काही विचारलं नाही, याचं काकांना त्या दिवशी फार बरं वाटलं.

तेव्हापासून ते नखाने चाचपून पिना मोजायचे आणि प्लगची कुठली बाजू वर आहे ते डोक्यात धरून ठेवायचे. शेवटी मीटर लावायचे. तार एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचली असेल तर मीटर "टीं" करतो. सगळ्या तारांचं टीं झालं की काका मान डोलवायचे. आता मीटर इतकंच सांगतो की तार कुठल्यातरी पिनेला लागली. कुठल्या, ते डोळ्यांनी पाहायचं असतं. हे काकांना ठाऊक नव्हतं थोडंच? पण केबली चालत होत्या हो. एकीचीही तक्रार नाही. उलट फोन यायचे, काका, तुमच्या हाताला तोड नाही. तेव्हा काकांनी ठरवून टाकलं होतं की डोळे काय, आज आहेत उद्या नाहीत, हात शाबूत आहेत.

काकूबद्दलही सांगायला हवं. तीही याच धंद्यातली. दोघं तरुणपणी एका केबलच्या कारखान्यात होती. काका सोल्डरिंगला, आणि ही डावरी पोरगी तपासणीच्या टेबलावर. काकांनी केलेला पहिलाच गठ्ठा तिने परत पाठवला होता. "लग्नाआधीच मला नापास केलंय हिने," असं काका आल्यागेल्याला सांगायचे, आणि काकू म्हणायची, "मग पास करून घ्यायला हिंडलातच की मागे." मुलीच्या वेळी तिने नोकरी सोडली. घरातल्या मागच्या खोलीत काकांनी आपलं टेबल मांडलं तेव्हा ती त्यात पडली नाही. टेबल एकाचंच असावं, असं काकांचं म्हणणं होतं.

तर एका सकाळी दातांची डॉक्टर आली. ही बाई दिवसभर लोकांच्या दाढा काढते आणि सुटीच्या दिवशी जुन्या कॉम्प्युटरांत रमते. तिच्या हातात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे काकांनीच वर्षाच्या सुरुवातीला करून दिलेली मॉनिटरची केबल; मांजराने प्लगशेजारी कुरतडली होती. दुसरी गोष्ट मोठी होती. तिच्याकडच्या एका मशीनचा वीजपुरवठ्याचा डबा कायमचा बसला होता. नवा डबा तिने करवून आणला होता. त्यातून नुसत्या तारा बाहेर आल्या होत्या, आणि मशीनच्या बाजूला तो पाच पिनांचा प्लग हवा होता.

"दोनला अर्थिंग, चारला बारा व्होल्ट, पाचला पाच व्होल्ट," ती म्हणाली. "एक आणि तीन रिकाम्या. काका, या मशीनवर मी शाळेत असताना पहिला प्रोग्रॅम लिहिला. बाबांनी घेतलेलं आहे. याच्या आतल्या चिप आता कुठेच मिळत नाहीत, मी जग पालथं घातलंय. म्हणून दुसऱ्या कुणाकडे गेलेच नाही."

काका म्हणाले, "ठेवा. रविवारी मशीन घेऊन या, इथेच लावून पाहू." पण मनातला हिशेब वेगळाच होता. चार आणि पाचची अदलाबदल झाली तर पाच व्होल्टांच्या चिपांवर बारा व्होल्ट जाणार आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळ्या भाजून निघणार. इथे दुसऱ्या टोकाला प्लगही नव्हता. चुकीला चूक मिळून जमून जाईल अशी सोयच नव्हती.

डॉक्टर गेल्यावर त्यांनी आधी सोपं काम घेतलं. कुरतडलेल्या केबलचा प्लग उघडला, सोल्डरचं गरम आयर्न लावून एक तार सोडवली आणि सवयीने तिच्या उघड्या टोकावरून नख फिरवलं. तारेच्या आतल्या बारीक केसांना सोल्डर लावण्याआधी चिमटीत धरून पीळ द्यावा लागतो. तो पीळ नखाला कळतो. उजव्या हाताचा माणूस एका बाजूला पिळतो, डावरा दुसऱ्या बाजूला. हा पीळ उलटा होता.

काकांनी पुन्हा नख फिरवलं. मग दुसरी तार सोडवली. तीही तशीच. त्यांनी आयर्न स्टँडवर ठेवलं आणि नुसते बसून राहिले.  भिंतीवरच्या खुंट्यांना तयार केबली टांगलेल्या होत्या. त्यांनी उठून एक काढली, उघडली. पीळ त्यांचाच. चला, म्हणजे एखाद्याच वेळी हात लावला असेल तिने. दुसरी उघडली. उलटा. तिसरी त्यांची. चौथी उलटी. तेव्हा त्यांना समजलं, आणि जे समजलं ते फार वाईट होतं. ती सगळ्या केबलींना हात लावत नव्हती. ज्या चुकल्या होत्या तेवढ्याच सोडवून पुन्हा लावत होती. दुपारी ते झोपले की तपासणीचं टेबल भरत होतं, आणि या कानाचं त्या कानाला कळू न देता नापास माल पास होऊन बाहेर पडत होता.

राग आला, खोटं कशाला बोला. अंगाचा तिळपापड झाला. माझ्या टेबलावर, माझ्या आयर्नने, मला न विचारता. पण त्या रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, आणि त्याच्याकडे काकांना बघायचं नव्हतं. ती लाज होती. एवढे फोन, एवढी वाहवा, आणि आपण मान डोलवत ऐकून घेत होतो.

पुढचे काही दिवस घरात जरा अवघडच गेले. काका मूग गिळून बसले. चहा आला की म्हणत, "पाणचट झालाय."

"रोजच्यासारखाच आहे," काकू म्हणायची.

"मग रोजच पाणचट असणार."

"इतकी वर्षं प्यायलात तेव्हा बरा कळला नाही."

"सगळंच उशिरा कळतंय मला हल्ली," काका म्हणाले. काकूने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते काकांना दिसलं नाही. तिथे डाग होता. ती म्हणाली, "साखर घालू का अजून?" आणि विषय तिथेच मिटला.

शनिवारी सकाळी काका डब्याच्या कामाला बसले. हे काम आपलं आपण करायचं, आणि असं करायचं की तिला हात लावायची वेळ येऊ नये, या जिद्दीने बसले. प्लग टेबलाला जोडलेल्या बारक्या शेगड्याच्या जबड्यात पकडला. मागची बाजू आपल्याकडे. म्हणजे डावीकडून तीन, पाच, दोन, चार, एक. मनात पुटपुटले, बोट फिरवलं, पुन्हा पुटपुटले. दोन नंबरला तार लावली, ती सोपी. मग खाली पडलेली, तारेवर चढवायची स्लीव्ह शोधायला वाकले, ती बराच वेळ सापडेना, आणि वर आल्यावर शेगडा जरा फिरल्यासारखा वाटला. पिनांचा कमानीचा भाग मघाशी वर होता की खाली? नखाने चाचपलं. कमान वरच असावी. भिंग घेतलं, दिवा ओढला, नजर तिरकी करून डागाच्या कडेने बघायचा प्रयत्न केला. नंबराच्या जागी नुसता करडेपणा.  शेवटी तोंडाने नंबर म्हणत त्यांनी चार आणि पाच लावून टाकल्या. मीटरने टीं केलं. तीन तारा, तीन वेळा टीं.

बरोबर असेल का? असेलही. काकांना खरंच सांगता येत नव्हतं. जन्मभराच्या कामात त्यांच्यावर अशी वेळ आली नव्हती की आपल्या हातांनी केलेलं काम आपल्यालाच अनोळखी वाटावं. त्यांनी प्लग तसाच उघडा ठेवला, डबा टेबलाच्या मधोमध सरकवला, जेवले, आणि नेहमीसारखे आतल्या खोलीत आडवे झाले. आज दार मात्र लोटून घेतलं नाही.

डोळे मिटून पडले तशी कानांना धार आली. भांड्यांचा आवाज थांबला. नळ बंद झाला. पावलं मागच्या खोलीत गेली. खुर्ची सरकवली नाही, उचलून ठेवली. म्हणजे रोज अशीच ठेवत असणार. मग मीटरचं बारीकसं टीं. दोन नंबर असेल. काकांनी श्वास रोखला. पुढचं टीं आलंच नाही. ती नंबर वाचून मीटर लावत असणार. आणि मग ओल्या स्पंजवर गरम आयर्न पुसल्याचा चुर्र आवाज.

चुकलं होतं.

काका छताकडे बघत पडून राहिले. आता काय होणार ते त्यांना लख्ख दिसत होतं. ती तारा सोडवील, बदलून लावील, सगळं होतं तसं ठेवून बाहेर जाईल. चहा करील. उद्या डॉक्टर येईल, मशीन चालू होईल, ती म्हणेल काका, तोड नाही, आणि काकू कपबशा उचलून आत जाईल. कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. काकांनी कुशीवर वळायचं, एवढंच काम होतं. त्यांना तसं करावंसं फार वाटलं. पिनकाका म्हणून उरलेलं आयुष्य काढायला एवढं पुरलं असतं. पण बाजूच्या खोलीत ती श्वासाचाही आवाज न करता काम करत होती, आपल्याच घरात चोरासारखी, कुणासाठी तर यांच्यासाठी, आणि ते काकांना सहन होईना.

ते उठले आणि अनवाणीच गेले. काकूने चाहूल लागताच प्लगवर तळवा ठेवला.

"झोप नाही लागली?"

"कुठली?"

"काय कुठली?"

"कुठली चुकली?"

 आयर्नचा धूर वर जात राहिला. मग तिने तळवा काढला. "चार-पाच," ती म्हणाली.

"उलट्या?"

"हं."

काका स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले. "डॉक्टरचं मशीन गेलं असतं."

"नसतं गेलं," काकू म्हणाली. "मी होते ना."

"मला सांगायचं होतंस."

"तुम्ही तरी मला कुठे सांगितलंत? नंबर वाढलाय म्हणे."  "मी जाऊन विचारून आले होते डोळ्यांच्या डॉक्टरांना. तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. वाटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. तुम्ही आपले मान डोलवताय. म्हटलं, डोलवू देत."

 काकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि चाचपत खाली मनगटापर्यंत नेला. डावं मनगट. आयर्न धरलेलं. किंचित बाजूला सरकून जागा करत ती म्हणाली, "या, तुम्ही लावा, मी नंबर सांगते."

"नको," काका म्हणाले. "तू लाव. मी तार धरतो."

रविवारी डॉक्टर मशीन घेऊन आली. पुसूनपुसून लखलखीत केलेलं. काकांनी नवा प्लग बसवला आणि हात मागे घेतला. डॉक्टरने बटणावर बोट ठेवलं तेवढ्यात ते म्हणाले, "थांबा. एक सांगायचं राहिलं. हा प्लग हिने लावलाय."

डॉक्टरचं बोट बटणावरच थबकलं. ती भली बाई होती, तोंडाने काही वावगं बोलली नाही. पण तिने मशीनकडे पाहिलं, मग काकूकडे, आणि हळूच म्हणाली, "पण काका, तुम्ही एकदा नजर घातलीत ना त्याच्यावर?"

काकू खाली मान घालून उभी होती. काकांना आपण कुठे उभे आहोत, हे नीट कळत होतं. नुसतं "हो" म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"मला दिसत नाही, डॉक्टर," ते म्हणाले. "वर्ष होत आलं. मी लावला होता तो उलटा लागला होता. तुमचं मशीन जळलं असतं. हिने काढून पुन्हा लावला. मांजराने खाल्लेली तुमची ती केबलही हिचीच. आतापर्यंत मी उलट्या लावलेल्या सगळ्या हिनेच सरळ केल्यात, आणि शाबासकी मी खाल्लीय."

 मग काकू म्हणाली, "सगळ्या नव्हत्या हो उलट्या. निम्म्याहून जास्त यांच्या बरोबरच असायच्या." आणि थोडं थांबून, कारखान्यातल्या त्या तपासणीच्या टेबलावरच्या आवाजात म्हणाली, "हा मी चार वेळा तपासलाय. दाबा बटण."

डॉक्टरने बटण दाबलं. धूर आला नाही. पडदा उजळला, एवढं काकांना कडेकडेने दिसलं. मधे काय उमटलं ते दिसेना. इतके दिवस ते अशा वेळी अंदाजाने मान डोलवत आले होते. आज त्यांनी बायकोकडे तोंड वळवलं.

"काय म्हणतंय?"

काकू पुढे झाली आणि त्यांच्यासाठी मोठ्याने वाचून म्हणाली, "तयार आहे म्हणतंय."